लांडगीचं डोहाळजेवण

लोकांना माझ्या कामाची किळस येते आणि मला लोकांची. फिटंफाट आहे.

संपत चाललेल्या प्राण्यांना पिंजऱ्यात पिल्लं व्हावीत म्हणून खटपट करायची, हे माझं काम. नराला भूल देऊन त्याचं वीर्य काढायचं, ते गोठवायचं. मादीची विष्ठा रोज सकाळी गोळा करून ती माजावर कधी येते ते तपासायचं आणि वेळ साधून ते वीर्य तिच्या पोटात पोचवायचं. माधवनगरला आई शेजारणींना सांगते, "आमची संयोगिता प्राण्यांची डॉक्टर आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठते. एकदा भावाच्या सासरच्या माणसांसमोर मी खरं सांगून टाकलं, तेव्हा एका बाईनं हातातला लाडू परत ताटलीत ठेवला. तेव्हापासून कुणी खात असलं की मी मुद्दाम सांगते.

दहिवडीकडून आटपाडीकडे जाताना जो उघडा माळ लागतो, तिथं एका ट्रस्टचं प्राणिसंग्रहालय आहे. मी तिथं नोकरीला. ट्रस्टचे चेअरमन भाऊसो. दूधसंस्था त्यांची, कॉलेज त्यांचं, आणि हौसेला मोल नसतं म्हणून काढलेलं हे प्राणिसंग्रहालयही त्यांचंच. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर मला इतकी घाण वाटली नसती.

आमच्याकडे वस्ताद नावाचा एक लांडगा होता. याच माळावर जन्मलेला, पिल्लू असताना सापळ्यात मागचा एक पाय गेला आणि आमच्याकडे आला. देशभरच्या पिंजऱ्यांतले लांडगे आता एकमेकांचे चुलत-मावस झालेत. घरातल्या घरात सोयरिकी लावल्या की पिल्लं किडकी निपजतात. वस्तादचं रक्त ताजं होतं, बाहेरचं होतं. पण तीन पायांवर त्याला मादीवर चढता येईना. शेवटी मी त्याचं वीर्य काढून नायट्रोजनच्या टाकीत ठेवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो म्हातारा होऊन मेला. आता वस्ताद म्हणजे टाकीतल्या काही कांड्या, वीर्य भरलेल्या बारीक नळ्या. त्या संपल्या की माळावरचं ते रक्त पिंजऱ्यांपुरतं संपलं.

मादी दुसऱ्या संग्रहालयातून आणलेली. माझ्या लेखी तिला नुसता नंबर होता, भाऊसोंनी तिचं नाव गौरी ठेवलं. कांड्यांचं सगळं मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे म्हशीला कांडी भरत्यात तसंच की, डॉक्टर."

"म्हैस महिन्याला माजावर येते, चेअरमन. ही वर्षातून एकदाच येते, तेही चार दिवस. आणि म्हैस तुमचा हात तोडत नाही."

"मग लय अवघड हाय," ते म्हणाले, आणि मला पाहिजे ती यंत्रं आणून दिली. तेही खरंच आहे.

पहिल्या वर्षी जमलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी माज चुकला, कधी कांडीतलं वीर्य मेलेलं निघालं. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सगळं जुळून आलं. महिन्याभरानं भूल देऊन सोनोग्राफी केली तर पडद्यावर चार ठिपके लुकलुकत होते. चार काळजं. मी यंत्रावर डोकं टेकून रडले. अर्जुना शेजारी उभा होता. तो गौरीची देखभाल करतो, तिला रोज मांस टाकतो. त्यानं भिंतीवरची पाल बघत असल्याचं सोंग केलं.

चेअरमनना कळवणं भाग होतं. मी फोन केला, वर बजावून सांगितलं, की आता तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही. लांडगी बिळासाठी माणसांपासून लांबची जागा धरते. तिला वाटलं इथं धोका आहे, तर ती पिल्लं जगवत नाही.

"आवं, आपली लेक हाय ती," भाऊसो म्हणाले. "लेकीला कोन तरास देतंय?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या मुलखात एखादीला लेक म्हटलं की तिचं पुढं काय काय करायचं असतं, ते सगळ्यांना पाठ असतं.

गौरीचे दिवस भरत आले होते, आणि नेमकं तेव्हाच मला वनखात्याच्या बैठकीला साताऱ्याला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी परत येताना दहिवडीच्या चौकात गाडी गर्दीत अडकली आणि माझी मान वर गेली. चौकात माझी लांडगी होती. वीस फूट उंच फ्लेक्सवर. तिच्या अंगावर कॉम्प्युटरनं हिरवी साडी चढवली होती, कपाळाला कुंकू, नाकात नथ. खाली लिहिलं होतं, 'आमची लाडकी लेक गौरी हिच्या डोहाळजेवणास सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.' त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे, सगळ्यांत मोठा भाऊसोंचा. तारीख त्याच दिवसाची होती.

मी भाऊसोंना फोन लावला. उचलला नाही. अर्जुनाला लावला, त्यानंही नाही. पुढं प्रत्येक फाट्यावर तीच लांडगी, तीच नथ. म्हसवड मागं पडलं तरी फ्लेक्स संपेनात.

आवाज फाटकाच्या अलीकडूनच ऐकू आला. आत जत्रा भरली होती. गौरीच्या कुंपणाला लागून मांडव, कर्ण्यांवर डोहाळजेवणाची गाणी, वर घूं घूं करत ड्रोन. मांडवात जेवणावळ सुरू होती आणि पुरणपोळीच्या तुपाचा वास लांडग्याच्या उग्र वासात मिसळला होता. त्या वासाची शिसारी मला अजून येते. कुंपणाच्या जाळीवर हिरवी साडी सबंध पसरून बांधली होती. तिच्यावर बांगड्यांचे झेले, मोगऱ्याच्या वेण्या. जाळीशी धनगरी ढोल वाजत होता, आणि ढोल अर्जुनाच्या गळ्यात होता. त्यानं मला पाहिलं आणि मान खाली घातली. पण काठी थांबली नाही.

गौरी दूरच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. डिसेंबरची थंडी होती आणि ती जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. पोट जमिनीला टेकलेलं. कान डोक्याला चिकटलेले.

"आल्या आल्या, डॉक्टर आल्या," भाऊसो हात पसरून पुढं आले. फेटा बांधला होता.

"हे आत्ताच्या आत्ता बंद करा."

"आवं, झालंच की. ओटी तेवढी ऱ्हायली हाय."

"चेअरमन, ती घाबरलीय. बघा तिच्याकडं."

त्यांनी पाहिलं. खरंच पाहिलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून. आणि म्हणाले, "लाजतीया. पयलटकरीन हाय न्हवं."

आजूबाजूच्या बायका गोड हसल्या. त्या हसण्यात एवढीशीही खोट नव्हती. दगड मारणाऱ्या माणसाला थांबवता येतं. प्रेमानं मांडव घातलेल्या माणसांना कसं थांबवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी कर्ण्याची वायर शोधायला गेले, तर ऑपरेटरनं मला पुरणपोळीचं ताट दिलं.

भाऊसोंच्या पत्नी शालूबाईंनी पाच सुवासिनींना बोलावलं. मीही पुढं झाले. ओटी भरायला नाही, जाळीशी उभी राहून निदान त्यांना मागं सारायला. शालूबाईंनी माझा दंड मायेनं धरला.

"तुमी नका, ताई. लगीन झालेल्यांचं काम हाय हे. तुमी फोटू काडा."

माझं वय बेचाळीस. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही नाही. पण ती चार काळजं माझ्या हातांनी तिच्या पोटात घातली होती, आणि मला बाजूला उभं करून पाचजणी जाळीतल्या मांस टाकायच्या फटीतून तांदूळ आत टाकत होत्या. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. नारळ आत पडल्याचा धप्प आवाज झाला तशी गौरी उडाली आणि भिंतीला धडकली.

मग पेढा-बर्फीचा खेळ. बाईपुढं दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. इथं एका पातेल्यात काळीज आणि दुसऱ्यात खिमा होता. त्याच फटीतून दोन्ही आत सरकवली. माईकवर कुणीतरी ओरडत होतं, "गौरीताई काय उचलणार, पोरगं का पोरगी?" शेकडो मोबाइल वर झाले. गौरी जागची हलली नाही. ती मुतली, बसल्या जागी. तेही मोबाइलमध्ये गेलं.

माणसं पांगल्यावर मी साडी सोडली. बांगड्या फुटून काचा आत पडल्या होत्या, त्या लांब चिमट्यानं वेचल्या. नारळ बाहेर ओढले. अर्जुना मदतीला आला.

"ताई, बाळंतपणापत्तुर साडी न्हाई सोडायची. अपशकुन असतोय. शालूवहिनींनी सांगितलंय."

"तू ढोल का वाजवलास?"

त्यानं हातातला नारळ खाली ठेवला. "चेअरमननी सांगितलं. आन् खरं सांगू का, मला बी बरं वाटलं. मी तिला लेकीगत संभाळली, तिचं कायतरी कौतुक हुतंय म्हणून."

मी साडीची घडीही घातली नाही. बोळा करून मांडवाच्या कचऱ्यात टाकली.

पुढचे दिवस गौरी चारही भिंतींच्या कडेनं फिरत राहिली. मांस टाकलं तर हुंगायची आणि सोडायची. आम्ही केलेल्या बिळात शिरायची, लगेच बाहेर यायची, दुसरीकडे उकरायची. आणि बाहेर माणसांची रीघ. व्हिडिओ सगळीकडे गेला होता. डोहाळजेवणवाली लांडगी बघायला सांगलीहून गाड्या भरून लोक येत होते. मी फाटकाला कुलूप लावलं, भाऊसोंच्या माणसानं ते उघडलं.

ती पहाटे व्याली. बिळात कॅमेरा बसवलेला होता, मी खोलीत बसून बघत होते. चार पिल्लं, काळपट, मुठीत मावतील एवढी. चारही जिवंत. तिनं चाटून कोरडी केली, पोटाशी घेतली. मला वाटलं, जमलं. गंगेत घोडं न्हालं.

उजाडल्यावर तिनं एक पिल्लू तोंडात धरलं आणि बाहेर आली. त्याला घेऊन ती जाळीच्या कडेनं फिरायला लागली. जागा शोधत होती. जिथं ढोल नाही, जिथं डोळे नाहीत अशी जागा. त्या आवारात तशी जागा नव्हती. ती फिरत राहिली. पिल्लू तिच्या दाढांमध्ये वळवळत होतं, मग वळवळायचं थांबलं. मग तिनं ते खाली ठेवलं, पुन्हा चाटलं आणि खाल्लं. नंतर आत जाऊन बाकीची तीन.

खाण्याचा आवाज कॅमेऱ्यातून येत होता. मी आवाज बंद केला नाही. कुणीतरी तो ऐकायला हवा होता.

लांडगी हे दुष्टपणानं करत नाही. पिल्लं जगणार नाहीत असं तिला वाटलं की पोटातून दिलेलं ती पोटात परत घेते. मला तिची किळस आली नाही. आपलं तोंड चाटून स्वच्छ करून ती बिळाच्या तोंडाशी बसली, तेव्हा त्या सगळ्या मुलखात तीच एक मला शहाणी वाटली.

भाऊसो आले, शालूबाई आल्या. शालूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. खरं रडल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओटीची साडी कुनी सोडली?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. बोलायची गरजच नव्हती. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं, की बिनलग्नाच्या बाईनं लांडगीची ओटी मोडली म्हणून पिल्लं गेली.

दोन दिवसांनी भाऊसो मला बाजूला घेऊन गेले. "झालं ते झालं, डॉक्टर. तुमाला कोन बोल लावत न्हाई. पर बाराव्या दिवशी बारसं हाय. मोठं पाव्हणं येनार हायत, पत्रिका गेल्यात."

"कुणाचं बारसं?"

"धनगराच्या वाड्यावर मागल्या म्हयन्यात कुत्री व्याली हाय. चार पिल्लं आनलीत. रंग बी तसाच हाय. पाव्हण्यास्नी काय कळतंय?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होते, म्हणजे निदान एका लबाड माणसाचा राग तरी करता आला असता. तिथं फक्त काळजी होती. पाहुणे येणार, घरची शोभा होऊ नये, एवढीच.

मी साताऱ्याला फोन केला, ज्या कचेरीत बैठकीला गेले होते तिथंच. पलीकडचा माणूस सगळं ऐकून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, डोहाळजेवणाला आमचे साहेब पण आले होते. जेवण छान होतं म्हणाले."

बारशाला पाळणा फुलांनी सजवला होता. बारा दिवसांच्या लांडग्याच्या पिल्लांचे डोळेही नीट उघडलेले नसतात. ही चार गुटगुटीत कुत्री पाळण्यातून उड्या मारून मांडवभर धावत होती आणि पाहुण्यांच्या बुटाची नाडी ओढत होती. तरी कुणाला काही वाटलं नाही. नावं ठेवली, कुर्रर्र झालं. मग भाऊसोंनी माझं नाव पुकारलं आणि माईक हातात दिला. त्यांना वाटलं असेल, माझा मानपान करून रुसवा काढावा.

मी माईकवर म्हणाले, "ही कुत्र्याची पिल्लं आहेत. गौरीनं तिची चारही पिल्लं खाल्ली. तुम्ही ढोल वाजवलेत म्हणून खाल्ली."

पुढच्या रांगेत एका म्हातारीच्या मांडीवर एक पिल्लू पेंगत होतं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आसंनात का," ती म्हणाली. "लेकरं ती लेकरंच. ग्वाड हायत."

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि कर्ण्यावर पाळणा लागला. मी अजून माईक धरून उभी होते. माझं खरं त्यांनी ऐकलं होतं, त्यांना समजलंही होतं, आणि ते पंगतीला बसले.

मी त्याच दिवशी राजीनामा द्यायला हवा होता, असं आई म्हणते. पण मी गेले असते तर टाकी कुणाच्या हातात गेली असती? दूधसंस्थेत कांड्या भरणारी पोरं आहेत. त्यांना एक दिवस भाऊसोंनी बोलावलं असतंच.

पाऊसकाळ संपता संपता भाऊसोंचा फोन आला. "डॉक्टर, गौरी औंदा कवा माजावर येनार? तारीख सांगा. औंदा आपण भाईर मांडव घालू, लांब. तुमचं ऐकतो आमी. फक्त ओटी तेवढी जवळनं."

"बघते," मी म्हणाले.

गौरीच्या वार्षिक तपासणीचा दिवस होता. भूल देऊन टेबलावर घेतली. दात पाहिले, रक्त काढलं, लस टोचली. मग शीतपेटीतून मी जाड सुई काढली. तिच्यात माज थांबवणारी गोळी असते. कातडीखाली ठेवली की वर्ष-दीड वर्ष मादी माजावर येत नाही. ज्या प्राण्याची पिल्लं वाढवायला मी आयुष्य घातलं, त्याच्यासाठी ती गोळी मी स्वतः मागवली होती. वस्तादच्या उरलेल्या कांड्या टाकीत आहेत. कर्णा पोचत नाही अशी एखादी जागा सापडेपर्यंत राहतील. गौरीला तिकडं हलवा म्हणून मी अर्ज करत राहीन.

अर्जुना तिचं डोकं धरून उभा होता. "ताई, हे कसलं औशिद?"

"तिला पिल्लं होऊ नयेत म्हणून."

मला वाटलं तो चेअरमनना सांगायला पळेल. तो तिचा कान कुरवाळत राहिला.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला ढोल वाजवाय लागायचा न्हाई."

मी खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली आणि सुई सरकवली. गोळी तांदळाच्या लांबट दाण्यासारखी, बोटाला जेमतेम लागते. पाचजणींनी ओटी भरली तेव्हा मला फोटो काढायला उभं केलं होतं. आज ओटी मी भरली.